मुकुट घेऊन आलेला माणूस

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर एक स्त्री मंचकावर उशीला रेलून बसली आहे. मान कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, अंगातलं त्राण गेलेलं. मागून एका दासीनं तिला सावरून धरलं आहे. दुसरी छातीशी हात नेऊन एकटक तिच्याकडे पाहते आहे, तिसरी पंख्यानं वारा घालते आहे. दारातून पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा डोकावतो आहे. हे सारं रंगवून सुमारे पंधराशे वर्षं झाली. रंग जागोजागी उडाले, गिलावा निसटला, तरी त्या खोलीतली घालमेल भिंतीवर अजून जाणवते.

ही कोण? तिला काय झालंय?

मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढे बरीच वर्षं अजिंठ्याला जाऊन भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यांतल्या कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, पण जेवढ्या उरल्या त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. भिंतीवर आज जे पुसट झालंय, ते त्यांत सापडतं. या स्त्रीला तेव्हापासून ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणू लागले. ग्रिफिथ्स तिच्यावर इतके लुब्ध झाले, की फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना रेखाटन याहून सरस साधलं असतं आणि व्हेनिसच्या चित्रकारांना रंग, पण एवढा भाव दोघांनाही ओतता आला नसता, असं त्यांनी लिहून ठेवलं. अगदी खरं पाहिलं होतं त्यांनी. फक्त ती मरत नव्हती.

एखाद्या निनावी राजकन्येचा मृत्यू विहाराच्या भिंतीवर कुणी कशाला रंगवील? या भिंतींवर बुद्धाचं चरित्र असतं, जातककथा असतात, अवदानं असतात; चित्राला कथा असतेच. ती ओळखायची खूण बहुधा एखाद्या छोट्याशा वस्तूत दडलेली असते. इथे ती वस्तू मुकुट आहे. चित्रात खिन्न चेहऱ्याचा एक माणूस उभा आहे आणि मुकुट त्याच्या डोक्यावर नाही, हातात आहे. मुकुट परत आला, त्याचा धनी आला नाही. एवढ्यावरून अभ्यासकांना कथा सापडली: ही सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी.

अश्वघोषानं ‘सौन्दरनन्द’ या १८ सर्गांच्या महाकाव्यात ही कथा सांगितली आहे. बुद्ध कपिलवस्तूला येऊन भावाच्या दारी भिक्षेला उभे राहतात. आत नंद आणि सुंदरी प्रसाधनात दंग, तिच्यापुढे आरसा त्यानं धरलेला. कुणाचं लक्ष जात नाही, बुद्ध तसेच परत फिरतात. कळल्यावर नंद ओशाळतो आणि त्यांच्या मागे जायला निघतो. चेहऱ्यावर काढलेली नक्षी वाळायच्या आत परत ये, एवढंच ती त्याला बजावते. वाटेत बुद्ध आपलं भिक्षापात्र त्याच्या हाती देतात. ते परत कसं करायचं, या संकोचात नंद चालत राहतो आणि विहारात पोचल्यावर, मनात नसताना, त्याचं मुंडण होतं.

हे कळल्यावर पुन्हा भिंतीकडे पाहा. रेषा त्याच, रंग तेच, पण चित्र बदलतं. मिटत चाललेले डोळे आता आजाऱ्याचे वाटत नाहीत. ऐकू नये ते ऐकल्यावर माणूस आतून ढासळतो, तसे दिसतात. आणि तिच्या आसपासच्या सगळ्यांना ते आधीच कळलेलं आहे! मला या चित्रातलं सर्वांत मोठं कौशल्य हेच वाटतं. दुःख एकीचं आहे, पण प्रत्येकीच्या मानेच्या वळणात ते वेगळं उमटलंय.

हे साधतं कसं? मुख्यतः रेषेनं. अजिंठ्याचा चित्रकार आधी बाह्यरेषा ओढतो, मग रंग भरतो आणि कडेला गडद छटा देऊन अंगाला गोलाई आणतो. ‘विष्णुधर्मोत्तर’ ग्रंथात या छायाकामाला ‘वर्तना’ म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार दिलेत. प्रसंगांभोवती चौकट नसते. मंडपाचे खांब हीच सीमा, एक खांब ओलांडला की आपण दुसऱ्या जागी, कधी दुसऱ्या वेळी. खडबडीत ठेवलेल्या काळ्या कातळावर माती, तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले मातीचे, दगडांचे रंग. इटलीत ओल्या चुन्यावर रंगवायचे; ती रीत ही नव्हे.

वस्तूवरून कथा ओळखताना फसगतही होते. पहिल्या लेण्यातल्या एका दरबाराच्या चित्रात इराणी टोप्या घातलेली माणसं दिसतात. त्यावरून जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये ठरवलं, की हा बादामीचा दुसरा पुलकेशी आणि समोर इराणच्या दुसऱ्या खुश्रूचे वकील. चित्र अर्थातच सातव्या शतकात गेलं. पुढे डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवलं, की ही महासुदर्शन राजाची बौद्ध कथा आहे. हे लेणंही आता बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकातलं मानतात. एका टोपीनं इतिहास दीडशे वर्षं पुढे ढकलला होता! आणि गंमत अशी, की सुंदरीच्या महालातही इराणी टोपीचा एक माणूस कलश घेऊन उभा आहे. तो कुणाचा वकील नव्हे, घरचा सेवक आहे. व्यापाराच्या वाटेनं आलेले परदेशी चेहरे या चित्रकारांच्या रोजच्या पाहण्यातले होते. अजिंठ्यातला निळा रंगही अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा आहे.

सुंदरीचं चित्र असलेलं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं संघाला दान केलं, तसा शिलालेख तिथे आहे. लेण्यातल्या दालनाभोवती भिक्षूंच्या कोठड्या आहेत. कथा नंदाची: तो तळमळतो, पळून जाऊ बघतो, बुद्ध त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवतात आणि शेवटी तो अर्हत होतो. भिक्षूंसाठी बोध नंदाच्या वाटेत आहे. तरीही चित्रकारानं आपली सारी करुणा मागे राहिलेल्या बाईला दिली, आणि तीही अशा जागी, जिथे राहणारा प्रत्येक जण घर सोडून आलेला होता. वराहदेवानं तसं सांगितलं असेल, संघातल्या कुणी सुचवलं असेल, किंवा कुंचला धरणाऱ्यालाच ते वाटलं असेल. पण सुंदरीला तिथे जागा मिळाली.