व्हॉट्सअॅप ग्रुपवर पटलं नाही तर कसं बोलावं?

ताईंनो, बैठकीची तारीख, बँकेचं काम, प्रशिक्षणाचा निरोप, सारं आता गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच येते. वादही तिथंच सुरू होतात. वाद होणं वाईट नाही. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्यासोबत हिशोबाच्या नोंदीही आहेत. कोणी विचारलंच नाही तर नोंदी नीट राहत नाहीत. म्हणून विचारायचंच. फक्त कसं विचारायचं ते पाहू.

बैठकीत आपण एकमेकींचं तोंड पाहून बोलतो. फोनवरच्या अक्षरांना ना चेहरा, ना आवाज. वरठीतली एक ताई रोवणीवरून थकून आल्यावर मेसेज वाचते, दुसरी कारखान्याच्या पाळीचा डबा भरता भरता वाचते. हसून लिहिलेलं वाक्य तिला टोमणा वाटते. शिवाय पुष्कळ घरी फोन एकच असतो. नवरा, मुलगा, सासू सारे पाहतात. गटातली गोष्ट घराघरांत जाते.

समजा, कर्जवहीत एका ताईची बाकी 12,400 रुपये दिसते आणि तिच्या हिशोबानं ती 11,400 आहे. तिनं लिहिलं, “आमचे पैसे कुठं जातात, सगळं माहीत आहे आम्हाले.” आता वाद 1,000 रुपयांचा राहिला नाही, सचिवाच्या इज्जतीचा झाला. दोघी तोंड फिरवतात, एक ग्रुप सोडते, मग बैठक सोडते, हप्ता थकतो. नुकसान साऱ्या गटाचं.

तेच असं लिहिता येते: “सचिव ताई, माझ्या पासबुकात 5 तारखेचा 1,000 रुपयांचा हप्ता लिहिला आहे. कर्जवहीत तो दिसत नाही. बैठकीत दोन्ही सोबत पाहू का?” यात माघार नाही. आकडा आहे, तारीख आहे, पुरावा आहे. सचिवानंही “माझ्यावर भरोसा नाही का?” म्हणू नये. “पाहते ताई, वही घेऊन येते,” एवढं पुरे. बाकीच्यांनी वही पाहिल्याशिवाय कोणाची बाजू घेऊ नये, अंगठे दाखवू नये.

काही गोष्टी ध्यानात ठेवा:

• कामावर बोला, माणसावर नको. जात, घर, नवरा, जुनी भांडणं मधात आणू नका.

• दुसरीच्या थकबाकीचा विषय ग्रुपवर टाकू नका. आधी तिला भेटा, मग बैठकीत बोला.

• राग आला तर लिहा, पण लगेच पाठवू नका. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत सुधारता येतो, नंतर साऱ्यांसाठी डिलीटही करता येतो. पण तोवर कोणी फोटो काढून ठेवला असेल तर तो राहतोच.

• दोन-तीन मेसेजांत मिटलं नाही तर थांबा. निर्णय बैठकीतच घ्या आणि कार्यवाही वहीत लिहा.

“अॅडमिन आहे ना, ती पाहून घेईल,” असं काही जणी म्हणतात. आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात एका ग्रुपवर एका सदस्यानं बाईबद्दल घाण भाषा वापरली, आणि गुन्हा अॅडमिनवरही दाखल झाला. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. दोघांचा आधीच मिळून तसा हेतू असल्याचं दिसत नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी अॅडमिनला दोषी धरता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे जिनं लिहिलं, जबाबदारी तिची.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ग्रुपवर काय टाकायचं, काय नाही, याचे चार नियम साऱ्या जणी मिळून ठरवा आणि ठराव लिहून सह्या करा. नियम सगळ्यांनी केला की तो सांगताना कोणालाच वाईट वाटत नाही.