हद्द कुणाचीही असो, गाडी जवळची

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिएटल शहराभोवती पसरलेली किंग काउंटी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडी मोठी. पश्चिमेला प्युजेट साउंडचं खारं पाणी, पूर्वेला कॅस्केडचे डोंगर, मध्ये ३९ शहरं आणि २२ लाखांवर वस्ती. प्रत्येक शहराचा कारभार वेगळा, अंदाजपत्रक वेगळं, कित्येकांचं अग्निशमन दलही वेगळं. व्हॅशॉन बेटावर जायचं तर फेरीबोटीला पर्याय नाही. रेडमंड, बेलव्ह्यू ही इथलीच गावं. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांपायी तिथे मराठी घरंही बरीच झाली आहेत. अशा तुकड्यातुकड्यांच्या मुलखात एखाद्याचं हृदय बंद पडलं, तर कुणी धावायचं आणि कुणाच्या हुकमाने? तिथल्या लोकांनी याची जी घडी बसवली ती पाहायला जगभरचे डॉक्टर येतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: या व्यवस्थेला एकच एक मालक नाही.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या अनेक गावांत रुग्ण वाहून नेणं हा अंत्यसंस्कार करणाऱ्यांचा जोडधंदा होता. माणूस आडवा मावेल अशी गाडी गावात त्यांच्याकडेच असायची! १९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र गाडीत चढवलं आणि रुग्णापर्यंत नेलं. तोच धागा धरून सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. लेनर्ड कॉब आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी मार्च १९७० मध्ये ‘मेडिक वन’ ही सेवा सुरू केली. पहिली गाडी इतकी अवजड होती की लोक तिला ‘मोबी पिग’ म्हणू लागले. सुरुवातीला गाडीत डॉक्टर असत. दलाचे जवान तयार झाल्यावर डॉक्टर उतरले. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हा गाडीत डॉक्टर ठेवण्याचा निर्णय झाला. सिएटलमध्ये डॉक्टर गाडीतून उतरला, पण कारभारातून नाही. कोणतं औषध केव्हा द्यायचं याचे लेखी नियम वैद्यकीय संचालक ठरवतात आणि पॅरामेडिक, म्हणजे प्रगत उपचार शिकलेला जवान, त्यांच्याच अधिकारात काम करतो.

तिथे मदत टप्प्याटप्प्याने येते. आधी येतो जवळच्या ठाण्यातला बंब, त्यावर प्राथमिक उपचार शिकलेले जवान. हद्द शेजारच्या शहराची असली तरी जवळची गाडी निघते. हृदय, श्वास, मोठी जखम असं काही असेल तर सोबत पॅरामेडिकची गाडीही सुटते. अशा गाड्या साऱ्या काउंटीत मिळून पंचवीस-तीसच. हे पहिल्यांदा वाचल्यावर कंजूषपणा वाटतो. पण त्यामागे विचार आहे: पॅरामेडिक मोजके असले की अवघड रुग्ण प्रत्येकाच्या वाट्याला वारंवार येतात आणि श्वासनलिकेत नळी घालणारा हात सरावात राहतो. त्यांचं प्रशिक्षणही दोन हजार तासांहून जास्त, तेही सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयाशी जोडलेलं. दुखणं साधं असेल तर रुग्णाला खासगी रुग्णवाहिका नेते, आणि तिचं बिल मात्र घरी येतं.

पण माझ्या मते या साखळीतली सगळ्यात मोलाची कडी गाडीत नाहीच, ती फोनवर आहे. हृदय थांबल्यावर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. बंब कितीही वेगाने आला तरी काही मिनिटं जाणारच. म्हणून ९११ वर फोन घेणारा दोनच गोष्टी विचारतो: माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आलं की पत्ता विचारून तो थांबत नाही. छातीवर दाब कसा द्यायचा ते सांगतो आणि मोठ्याने आकडे मोजत राहतो. डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात ही रीत बसवली. अडचण ‘नेहमीसारखा’ या शर्तीत येते. हृदय थांबल्यावरही काही जण अधूनमधून आचके देतात, घोरल्यासारखा आवाज करतात. घरची माणसं सांगतात, श्वास चालू आहे. आपल्याकडे घरघर लागली म्हटलं की कुणीतरी गंगाजलाची कुपी शोधू लागतं. तिथे फोनवरच्या माणसाला शिकवलेलं असतं की ही घरघर म्हणजे श्वास नव्हे, दाब सुरू करा.

हे सगळं जुळून येतं ते हिशोबामुळे. १९७६ पासून काउंटीत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. फोनचं ध्वनिमुद्रण ऐकलं जातं, यंत्रातली आलेखपट्टी तपासली जाते, दाब किती सेकंद थांबला हे पाहिलं जातं. पाच संस्थांचे पॅरामेडिक आणि कितीतरी अग्निशमन दलं एका वहीत मोजली जातात, म्हणून त्यांना एका साहेबाखाली आणावं लागत नाही. २०१३ साली जगण्याचं प्रमाण ६२ टक्के नोंदलं गेलं, आणि तो आकडा जगभर फिरला. तो जपून वाचावा. ज्यांना कोसळताना कुणी पाहिलं आणि ज्यांचं हृदय विजेच्या झटक्याला दाद देईल अशा लयीत होतं, त्यांच्यापुरता तो आहे. घरात एकटा कोसळलेला माणूस त्यात धरलेला नाही.

पैशाचं काय? १९७९ मध्ये मतदारांनी यासाठी घरपट्टीवर वेगळा कर मंजूर केला आणि ठरावीक वर्षांनी त्यावर पुन्हा मतदान होतं. २०२० ते २०२५ साठीचा सुरुवातीचा दर होता मालमत्तेच्या दर हजार डॉलरमागे साडेसव्वीस सेंट, म्हणजे आठ लाख डॉलरच्या घराला वर्षाला २१२ डॉलर. मतपेटीपर्यंत जाण्याआधी मोठ्या शहरांची संमती मिळवावी लागते. घासाघीस होते, पण त्यामुळे प्रत्येक शहराला आपल्या वाट्याचं काय ते विचारता येतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये याच काउंटीतल्या कर्कलंडच्या एका वृद्धनिवासात कोरोना शिरला, तेव्हा अग्निशमन दलाच्या जवानांचीही परीक्षा झाली. तिथे धावून गेलेले कित्येक जण विलगीकरणात गेले. गाड्या असून माणसं नाहीत, असा प्रसंग पुढे सगळ्या जगाने पाहिला.

आता या यंत्रणेपुढचं काम बदललं आहे. रोजच्या फोनांत हृदय बंद पडल्याचे थोडे. बाथरूममध्ये पडलेल्या आजी, औषधं संपलेले आजोबा, रस्त्यावर राहणारी, मनाने खचलेली माणसं जास्त. २०१९ च्या अखेरीस सिएटलने ‘हेल्थ वन’ नावाची गाडी काढली, जवानांसोबत समाजसेवक बसवून. हृदयाच्या बाबतीत एक आकडा पुरे होतो, माणूस चालत घरी गेला की नाही. महिन्याला आठदा मदत मागणाऱ्या आजींनी आता दोनदाच फोन केला, हे त्या वहीच्या कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्यांना नव्याने आखावं लागणार आहे.