घसारा गाडीला लागतो, खर्चाला नाही



आपल्या वसाहतींत चारचाकी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सायकलवरून कामाला गेलेल्या बापाची मुले मोटारसायकलवर आली आणि आता दारात गाडी असावी असे त्यांना वाटते. यात वावगे काही नाही. हौस ही पैसेवाल्यांचीच मक्तेदारी आहे, असे कोणी लिहून दिलेले नाही. परंतु नवी गाडी आवाक्याबाहेर म्हणून पुष्कळ तरुण भरपूर पळालेली, पण एकेकाळी फार महाग असलेली गाडी हेरतात. दोन-अडीच लाखांत ताकदवान इंजिनाची ऐसपैस गाडी मिळते म्हटल्यावर कोणाचेही मन चाळवेल. ती घ्यावी की न घ्यावी, याचा हिशेब आज मांडू.

एस्टेट म्हणजे कोणती गाडी?

साध्या मोटारीचे छप्पर मागे डिकीवरही तसेच पुढे नेले की एस्टेट झाली. मागे पोती, पेट्या, गाद्या, सगळे मावते आणि गाडी जीपसारखी उंच नसल्याने वळणावर डगमगत नाही. पुण्यात तयार झालेली टाटा इस्टेट १९९२ साली आली. पुढे इंडिगो मरीना आणि मारुतीची बलेनो अल्ट्युरा आली. औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ पासून स्कोडा ऑक्टेव्हिया निघू लागली. तिचेही काँबी नावाचे एस्टेट रूप आपल्याकडे विकले गेले. आपल्या गिऱ्हाइकाला हा घाट फारसा रुचला नाही आणि या गाड्या बंद पडल्या. त्यामुळे आज एस्टेट मिळते ती जुनीच. त्यातही टर्बो इंजिनाची असेल, तर पिकअप असा की नव्या छोट्या गाड्या मागे पडाव्यात. तरुणांना भुरळ पडते ती इथेच.

स्वस्त का मिळते?

हिशेबाच्या वहीत घसारा नावाचे खाते असते. वस्तू वापरली की दरवर्षी तिची किंमत कमी धरायची. पंधरा लाखांची गाडी सोळा-सतरा वर्षांत दोन लाखांवर येते, ती घसाऱ्यामुळे. पण घसारा लागतो गाडीच्या किमतीला. तिच्या सुट्या भागांना, टायरला, पेट्रोलला, विम्याला तो लागत नाही. गाडी दोन लाखांची झाली तरी टर्बो बदलायचा खर्च पंधरा लाखांच्या गाडीचाच राहतो. साऱ्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे.

पेट्रोलचेच घ्या. कामाचे ठिकाण २५ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन महिन्याचे २६ दिवस म्हणजे १,३०० किलोमीटर. गर्दीच्या रस्त्यावर अशा गाडीचा ॲव्हरेज १० धरला, तर १३० लिटर लागले. लिटरला १०० रुपये धरले तरी १३,००० रुपये. १८ चा ॲव्हरेज देणाऱ्या छोट्या गाडीला हेच ७,२०० च्या आसपास पडते. वर्षाचा फरक जवळजवळ ७०,००० रुपये.

विमाही तसाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, तर १,५०० सीसीवरील गाडीला ७,८९७ रुपये. कर वेगळा.

आणखी एक गोष्ट. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. जुनी इंजिने त्यासाठी बनलेली नाहीत. ॲव्हरेज थोडा घटतो, रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर बदलावी लागतात.

एका घरातील बैठक

आमच्या परिचयाच्या एका घरात हा प्रश्न नुकताच आला. वडील निवृत्त सफाई कामगार, मुलगा कारखान्यात कायम झालेला, धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलाने २००८ सालची टर्बो एस्टेट पाहिली. रनिंग १ लाख ९० हजार, मागणी सव्वादोन लाख. वडिलांची बँकेतील ठेव मोडून ती घ्यायची, असा बेत.

मुलगा म्हणाला, “बाबा, एवढ्या पैशात अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. सगळे एकत्र गावी जाऊ.”

वडिलांनी गाडी मेकॅनिकला दाखवायला सांगितले. त्याने टायमिंग बेल्ट, क्लच, पुढचे बुश आणि चारही टायर असा मिळून सव्वा लाखाचा आकडा दिला. तेव्हा आई एवढेच म्हणाली, “अरे, गाडी घेशील, पण जूनमध्ये ताईची फी भरायची ती कशातून?”

घर गप्प झाले. मुलगा रागावला, दोन दिवस धड बोलला नाही. मग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन बसला. ठरले ते असे : ही गाडी सोडायची, फीला हात लावायचा नाही, मुलाने दरमहा वेगळे पैसे टाकायचे आणि दोन वर्षांनी पुन्हा बघायचे. हौस मोडली नाही, पुढे ढकलली.

जास्त रनिंग म्हणजे वाईटच का?

तसे मुळीच नाही. महामार्गावर एका चालीने पळालेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली दोन लाख किलोमीटरची गाडी ही शहराच्या गर्दीत क्लच जाळत साठ हजार पळालेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. मीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची बिले बोलकी. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर असतात. ते ओळीने वाढत गेले आहेत का ते पाहा. मीटर कमी दाखवते आणि पायडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवले आहे असे समजा.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधी इंजिन चालू करू नका म्हणावे. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा खरे दुखणे कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. टर्बोच्या गाडीत तर हे फार महागाचे. ऑइल भरायचे झाकण उघडून आत दुधाळ चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याचा संशय घ्यावा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचे बिल मागावे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते.

पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात फिरतात. २००५ साली मुंबई, २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण येथे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आत वाळलेला गाळ सापडतो. सीटखालची पट्टी गंजली असेल, तर हात जोडून परत यावे.

कागदपत्रांत ढिलाई नको

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरील गाडीला ती १०,००० रुपये झाली. पर्यावरण कर निराळा. आरसीवरची मुदत आधी वाचा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३०. कर्ज असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र. परराज्यातील गाडीला फॉर्म २८ ची एनओसी, शिवाय आपल्या राज्याचा कर. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे. थकलेली ई-चलाने मालकाकडून आधीच भरून घ्यावीत.

कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षे जुन्या नावावर फिरवणे हा धोक्याचा मामला. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मालकावर राहते. उद्या तुम्ही ती गाडी विकाल तेव्हाही हे ध्यानात ठेवा.

तर मग घ्यावी का?

तीन प्रश्न घरात सर्वांसमोर विचारावेत. गाडी महिनाभर गॅरेजात राहिली तरी कामावर जायचे दुसरे साधन आहे का? गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येते का, तीही कर्ज न काढता? आणि या गाडीचे काम जाणणारा मेकॅनिक व तिचे पार्ट आपल्या गावात मिळतात का?

तिन्हींना ‘होय’ असेल, तर खुशाल घ्या, सारे कुटुंब घेऊन फिरा आणि आनंद लुटा. एकालाही ‘नाही’ असेल, तर साधी, छोटी, जिचे पार्ट कोपऱ्यावर मिळतात अशी गाडी बघा. आणि पैसे देण्यापूर्वी घरखर्चाची वही जिच्या हाती असते, त्या माउलीचे मत अवश्य विचारा. पुढचा प्रत्येक महिना तिलाच जुळवायचा असतो.