चार मित्रांची कंबोजयात्रा

नाशिकास गंगेवर रोज पहाटे फिरावयास जाणारे आम्ही चौघे जण: एक वकील, एक वैद्य, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि चौथा प्रस्तुत लेखक, सेवानिवृत्त शाळामास्तर. बारा वर्षें हा क्रम चालला आहे. 'एकदां अंकोरला जाऊं या,' हें वाक्य त्या बारा वर्षांत किती वेळां उच्चारलें गेलें याची गणती नाहीं. रामकुंडापाशीं तें बोलावयाचें आणि होळकर पुलापर्यंत पोंचतांना विसरावयाचें, असा जणूं परिपाठच पडला होता.

पुढें एके दिवशीं पोस्टमास्तर, रोजच्या पायाखालच्या वाटेवर, बाजूच्या ओट्यास धडकून पडले. आठ दिवसांनीं पुनः तसेंच झालें. तपासणीअंतीं काचबिंदू निघाला, आणि तोही बराच पुढें गेलेला. या विकारांत बहुधा दृष्टीची कड आधीं जाते व मधला भाग मागाहून जातो. त्यामुळें मनुष्य वर्तमानपत्र नीट वाचीत असतो आणि आपलें कांहीं हरवलें आहे याची त्यास वार्ताही नसते. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंब घालून वा शस्त्रक्रिया करून उरलेली राखावयाची, एवढाच उपाय. (ज्यांच्या घराण्यांत हा विकार आहे त्यांनीं चाळिशी उलटतांच डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, हें येथें सांगून ठेवितों. आमच्या मित्राच्या वडिलांसही तो होता. पण त्या काळीं 'म्हातारपण' म्हणून सोडून दिलें गेलें.)

पोस्टमास्तर म्हणाले, "मास्तर, आतां नळींतून पाहावें तसें दिसतें. नळी बुजण्यापूर्वीं तें समुद्रमंथन पाहावयाचें आहे."

यानंतर पंचांग उघडण्यास कोणास सांगावें लागलें नाहीं.

घरोघरीं मात्र सभा भरल्या. आमच्या घरीं दोन बंधु, त्यांचीं कुटुंबें, मुलें, सुना असा सोळा पानांचा संसार आहे. वडील वहिनींचा पहिला प्रश्न, "तेथें जेवणार काय?" दुसरा प्रश्न चिरंजीवांचा: चार म्हातारे, त्यांत एकास दिसत नाहीं, एकाचे गुडघे दुखतात, सांभाळणार कोण? प्रश्न रास्त होता. सौभाग्यवतींनीं मात्र एका वाक्यांत निकाल दिला: "आम्ही मैत्रिणी काशीस गेलों तेव्हां आम्हांस कोणीं सांभाळलें?"

समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनांतही आला नाहीं. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रप्रवास पतनीय कर्मांत गणला आहे, आणि आमच्या पणजोबांच्या काळीं त्यावरून घरें फुटत होतीं. गंमत अशी कीं, ज्या कंबोजदेशीं आम्ही निघालों होतों तेथील राजकुळाची कथाच समुद्रापलीकडून आलेल्या कौण्डिन्य नांवाच्या ब्राह्मणापासून सुरू होते. ती दंतकथा म्हणून सोडून दिली तरी दिवाकरभट्ट ही ऐतिहासिक व्यक्ति आहे. यमुनाकांठचा हा ब्राह्मण दहाव्या शतकांत तेथें गेला आणि त्यानें राजा राजेंद्रवर्म्याच्या इंद्रलक्ष्मी नामक कन्येशीं विवाह केला. त्यास इकडे कोणीं वाळींत टाकलें असल्यास टाको. तिकडे शिलालेखांत त्याचें नांव आहे.

२०२५ च्या जानेवारींत, पौष महिन्यांत, आम्ही मुंबईहून बँकॉकमार्गे सिएम रीप येथें उतरलों. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तेथील कोरडे व त्यांतल्या त्यांत थंड महिने. मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट एकच. मित्रांबरोबर प्रवास करावयाचा तर खर्चाची पिशवी एक असावी आणि ती ज्याच्या हातीं आहे त्यास हिशेब कोणीं विचारूं नये. आमची पिशवी वैद्यांकडे होती. मंदिरांच्या तीन दिवसांच्या परवान्यास माणशीं बासष्ट अमेरिकी डॉलर पडले. तो आंकडा ऐकून वकीलसाहेब कांहीं काळ निःशब्द झाले, हा प्रसंग विरळा. जेवणाचा प्रश्न भात, भाज्या आणि वहिनींचें मेतकूट यांनीं सुटला. तिकडे पुष्कळ पदार्थांत माशांचें आंबवलेलें कालवण घालतात, त्यामुळें प्रत्येक वेळीं विचारून घ्यावें लागे.

अंकोरवाट हें राजा दुसरा सूर्यवर्मा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बांधलेलें विष्णुमंदिर. भोंवतालचा खंदक जवळजवळ दोनशें मीटर रुंद; आमची गंगा उन्हाळ्यांत त्यापुढें ओहोळ वाटावी. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. प्रवेशद्वाराशीं अष्टभुज विष्णूची मोठी मूर्ति उभी असून तिच्या अंगावर बौद्ध भिक्षूंसारखें पिवळें वस्त्र असतें. लोक बौद्ध आहेत, देव विष्णु आहे, आणि पुढें उदबत्त्या अखंड जळत आहेत. आम्हीही लावल्या.

भिंतींवरील कोरीव चित्रमाला पाहावयाची तर पहाटेच्या सूर्योदयाची गर्दी ओसरूं द्यावी. समुद्रमंथनाचा पट पूर्वेकडील ओवरींत, दक्षिणेच्या बाजूस आहे. लांबी सुमारें एकोणपन्नास मीटर. एका बाजूस ब्याण्णव असुर, दुसऱ्या बाजूस अठ्ठ्याऐंशीं देव, मध्यें मंदर, खालीं कूर्म, वर अप्सरा. सामान्य प्रवासी पुढें उभा राहतो, डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो, छायाचित्र काढतो आणि निघतो. आमचाही तोच विचार होता. परंतु पोस्टमास्तरांस एका वेळीं एक असुर, फार तर दोन, एवढेंच दिसे. ते पटाच्या एका टोकास गेले, आणि एकेक पाऊल सरकत, मान वर-खालीं फिरवीत, वाचूं लागले. 'वाचूं लागले' हाच शब्द योग्य आहे. त्यांच्यामागें आम्ही. अशा चालीनें पाहतां कळलें कीं, वासुकीचें शरीर मुठींमागून मुठींतून कसें सरकत जातें, आणि खालच्या पाण्यांतले मासे व सुसरी मंदराजवळ येतां येतां कशा चिरफाळत जातात. तेथें घुसळण सर्वांत प्रखर आहे, हें शिल्प्यानें माशांच्या तुकड्यांवरून दाखविलें आहे. चांगल्या डोळ्यांच्या आम्हां तिघांस तें प्रथम दिसलेंच नव्हतें. दीड तास लागला. पलीकडच्या टोकाशीं पोंचल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "आतां उलट वाचूं."

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतील दालनांत रामानें मारीचाचा वध केल्याचें शिल्प आहे. पंचवटींत जन्म काढलेल्या चौघांनीं आपल्या आळींतली गोष्ट इतक्या दूर, आठनऊशें वर्षांच्या दगडांत पाहावी! वकील म्हणाले, "मृग पळत पळत फारच लांब आला."

वरच्या गाभाऱ्यास जावयाचा जिना अत्यंत उभा आहे. तेथें आमचा पहिला वाद झाला. पोस्टमास्तरांस कड दिसत नाहीं, म्हणजे पायरीही दिसत नाहीं. वैद्यांनीं साफ मनाई केली. मी म्हटलें, कोणीच जाऊं नये. त्यावर पोस्टमास्तर संतापले. "माझ्यासाठीं तुम्ही खालीं बसलांत तर मी उद्यांपासून खोलींतून हलणार नाहीं." शेवटीं वकील व वैद्य वर गेले आणि मी गुडघ्यांचें निमित्त सांगून खालीं राहिलों. गुडघे खरोखरच दुखत होते, परंतु तेवढे नव्हे.

दुसऱ्या दिवशीं बान्ते स्रेइ या लहानशा शिवालयास गेलों. हें राजानें नव्हे, तर यज्ञवराह नांवाच्या विद्वान ब्राह्मणानें शके ८८९ मध्यें प्रतिष्ठापिलें. गुलाबी वालुकाश्मांत सोनाराच्या हातानें केल्यासारखें काम आहे. कैलास हालविणारा रावण, मदनदहन, खांडववनदहन. सर्व कांहीं बेताच्या उंचीवर असल्यामुळें पोस्टमास्तरांस येथें सर्वाधिक सुख झालें.

दुसरा वाद अधिक कडू होता. ठरल्याप्रमाणें शेवटचे दोन दिवस बँकॉकसाठीं होते. नातवंडांस कबूल केलेल्या वस्तु घ्यावयाच्या होत्या. माझ्या मनांत मात्र नॉमपेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील एक शिळा होती, आणि मोटारीनें तेथें जावयाचें म्हणजे पांचसहा तास. वकील म्हणाले, "एका टिंबासाठीं?" मी नको तें बोललों. तासभर कोणी कोणाशीं बोललें नाहीं. पोस्टमास्तरांनीं मग विचारलें, टिंब कसलें?

तें असें. संबोर येथें सांपडलेल्या त्या जुन्या ख्मेर भाषेंतील लेखांत शके ६०५, वद्य पंचमी, असा काळ नोंदला आहे, आणि ६ व ५ या आंकड्यांच्या मधलें शून्य टिंबानें दाखविलें आहे. ज्याचा काल त्याच्यावरच लिहिलेला आहे, अशा जगांतील अतिप्राचीन शून्यांपैकीं तें एक. जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडितानें त्याचें महत्त्व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ओळखलें. पुढें शिळा दृष्टीआड झाली आणि अमीर अक्झेल या गणितज्ञानें ती २०१३ मध्यें पुनः शोधून काढली. आणि शक तोच, जो आपल्या भिंतीवरच्या पंचांगांत छापलेला असतो. आम्ही गेलों तेव्हां १९४६ चालू होता.

वकीलसाहेबांनींच मोटार ठरविली.

शिळा तांबूस आहे. पोस्टमास्तर फार जवळ गेले, रखवालदारानें हटकलें, ते थोडे मागें आले. बराच वेळ शोधीत होते. मग म्हणाले, "सांपडलें." तेवढेंच, बाकी त्यांस कांहीं दिसत नव्हतें, पण टिंब नळींत बरोबर मावत होतें.

त्याच वर्षीं जुलैंत थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर, तेथील जुन्या शिवमंदिरांच्या परिसरांत, तोफा डागल्या गेल्या. ती बातमी मी गंगेवर मोठ्यानें वाचून दाखविली, तेव्हां चौघेही चालतां चालतां थांबलों.

पोस्टमास्तर आतां पंचांग वाचूं शकत नाहींत. त्यांची सून रोज सकाळीं तिथि सांगते. वद्य पंचमी असली कीं आठ वाजण्यापूर्वीं त्यांचा मला फोन येतो.