ऑफर लेटर म्हणजे नोंदणी नव्हे

बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या आसपास नोकरी करणाऱ्या एखाद्या बेळगावकर नर्सला इंग्लंडहून ऑफर लेटर आले, की घरचे धरून चालतात: आता पोरगी तिथली नर्स झाली. प्रत्यक्षात तसे नसते. ऑफर देते रुग्णालय. नर्स म्हणून मान्यता देते एनएमसी (ब्रिटनची परिचारिका व प्रसाविका परिषद). कर्नाटकातली नोंदणी तिथे आपोआप चालत नाही.

शिकाऊ लायसन्स आणि पक्के लायसन्स यांत जो फरक, तोच इथे. नोंदणीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा आणि सीबीटी (संगणकावरची लेखी चाचणी) भारतातच देता येतात. ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) मात्र ब्रिटनमध्येच होते. नॉर्थॅम्प्टन या गावी तिचे एक केंद्र आहे. या परीक्षेत दहा टप्पे असतात. औषध देण्याआधी रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख पडताळली का, ॲलर्जी विचारली का, हात धुतले का, हे परीक्षक बारकाईने पाहतात. वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळलेली नर्सही इथे अडखळू शकते, कारण एरवी मनातल्या मनात होणारी पडताळणी इथे बोलून दाखवावी लागते.

ऑस्की पास होऊन नोंदणी मिळेपर्यंत हुद्दा साधारण सहायकाचा आणि पगारही त्याच श्रेणीचा. घरखर्चाचा हिशेब त्यावरच मांडावा. आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे ब्रिटनच्या भरती-संहितेत बसत नाही. तसे मागणाऱ्या एजंटला खुशाल नकार द्यावा.