सायलेन्सर आतून का कुजतो?

मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढणाऱ्या गाड्यांचे आवाज कधी लक्ष देऊन ऐकले आहेत का? मालमोटारींची घरघर ओळखीची असते. पण मधूनच एखादी छोटी मोटार ट्रॅक्टरसारखी फटफटत जाते. तिच्या इंजिनात बहुधा काही बिघडलेले नसते. तिच्या धुराड्याच्या नळीला, म्हणजे एक्झॉस्टला, भोक पडलेले असते.

समजा, ही मोटार सॅन स्टॉर्म आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात बांधलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार. तिचे शरीर काचतंतूंचे, म्हणजे फायबर ग्लासचे, त्यामुळे ते गंजत नाही. नळी मात्र पोलादाची. या गाडीचे उत्पादन केव्हाच थांबले. तेव्हा तयार सुटा भाग मिळणे कठीण आणि परदेशातून काही मागवावे तर खर्च फार. मग मालकाने काय करावे? उत्तर शोधण्यापूर्वी ही नळी कशाने खाल्ली ते पाहू. पावसाने, असे तुम्ही म्हणाल. कसाऱ्याचा पाऊस पाहता ते साहजिकच आहे; पण जुना सायलेन्सर कापून पाहिला, तर पुष्कळदा बाहेरून बरा दिसणारा पत्रा आतून पापडासारखा झालेला आढळतो.

याचे कारण इंजिन स्वतःच पाणी तयार करते. पेट्रोलमधील ऑक्टेन हा एक घटक घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. पूर्ण ज्वलन झाले की त्या १८ अणूंपासून पाण्याचे ९ रेणू बनतात. हिशेब करून पाहा : ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी! एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर पडते. नळी गरम असेल तर वाफ निघून जाते. पण सुमारे ५० अंश सेल्सियसच्या खाली असलेल्या पत्र्याला ती लागली की तिचे पाणी होते. त्यात धुरातील नायट्रोजन व गंधकाची ऑक्साइडे विरघळतात आणि सौम्य आम्ल तयार होते. ते पेटीच्या तळाशी साचून राहते.

आता एक गंमत लक्षात येईल. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला जाणाऱ्या गाडीची नळी शेवटपर्यंत तापते आणि कोरडी होते. उलट, लोकल पकडण्यासाठी घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाऊन दिवसभर उभी राहणाऱ्या गाडीची मागची पेटी कधी सुकतच नाही. हौसेची स्पोर्ट्‌स कार तर आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली असते. मधूनच पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करायचे, ही काळजी वाटते, पण सायलेन्सरला तीच मारक ठरते.

यातच स्वस्त दुरुस्तीचे सूत्र आहे. इंजिनाजवळचा भाग जास्त तापतो, म्हणून तो सहसा आतून जास्त टिकतो. कुजते ती मागची पेटी. तेव्हा संपूर्ण नळी बदलण्याऐवजी नळीवर हातोडीने हलके ठोकत मागे यावे. खणखणीत आवाज देणारा पत्रा ठेवावा, बद्द वाजणारा कापून टाकावा, आणि चांगल्या नळीवर त्याच व्यासाची नवी नळी व योग्य मापाची पेटी क्लँपने किंवा वेल्डिंग करून बसवावी. हे काम अर्थातच अनुभवी कारागिराचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही कधीही शिरू नका.

नळी कोणत्या धातूची घ्यावी? साधे पोलाद सर्वांत स्वस्त, पण तेच लवकर जाते. सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले ४०९ जातीचे स्टेनलेस पोलाद पुष्कळ गाड्यांत वापरतात. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ त्याहून टिकाऊ आणि महाग. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धातूचे रक्षण करतो. चुंबक ४०९ ला चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. म्हणून चुंबक चिकटला की ‘हे स्टेनलेस नव्हेच’ असे समजू नका. पाण्याची जस्ताचा मुलामा दिलेली नळी मात्र येथे नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि तो कारागिराला आजारी पाडतो.

नवी नळी घट्ट आवळून टाकण्याचा मोह होतो. तोही टाळावा. दोन मीटर लांबीची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे ७ मिलिमीटर लांबते. म्हणून ती रबरी हँगरवर झुलती ठेवतात. एका हँगरची बचत केली तर नवा जोड काही दिवसांतच तडकायचा.

काही जण आणखी स्वस्त उपाय सुचवतात : पेटीच काढा, सरळ नळी लावा! गाडी गरजते खरी, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर आवश्यक मानला आहे. उत्प्रेरक परिवर्तक असेल तर तोही काढू नये. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू विषारी वायूंचे रूपांतर करतात. आणि पुढच्या जोडाची गळती तर मुळीच चालवून घेऊ नये. तेथून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. म्हणून काम झाल्यावर उघड्यावर, थंड इंजिन नुकतेच चालू करून जोडांवर साबणाचे पाणी लावायला सांगावे. बुडबुडे आले की गळती आहे.

मात्र पेटीच्या अगदी तळाशी एखादे बारीक, गोल, नेटके भोक दिसले तर थांबा. पुष्कळ पेट्यांना ते कारखान्यातच पाडलेले असते, आतले पाणी ठिबकून जावे म्हणून. एखादा उत्साही वेल्डर ‘हेही बुजवून देतो, पैसे नकोत’ म्हणाला, तर त्याला तेवढे करू देऊ नका.