लायसनवरची माहिती कुणाकडे जाते?

आलापल्लीतल्या एका ऑनलाइन सेंटरवर मागे एक तरुण लायसनचा फॉर्म भरायला बसला होता. नाव, जन्मतारीख, रक्तगट त्याने धडाधड सांगितलं. पत्त्यापाशी आला आणि थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, लायसन काढलं का आपलं नाव पोलिसात जाते म्हणते गावात. खरं आहे का?" सेंटरवाला "काही नाही होत" म्हणाला आणि पुढच्या रकान्यात मोबाइल नंबर टाकून मोकळा झाला. नंबर सेंटरवाल्याचा स्वतःचा होता. त्या पोराला काळजी पत्त्याची होती. खरी काळजी करावी ती त्या दहा आकड्यांची, आणि तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर. लायसनसाठी दिलेली माहिती परिवहन खात्याच्या 'सारथी' या नोंदवहीत जाते. गाडीच्या मालकीची नोंद वेगळी, ती 'वाहन'मध्ये. या दोन्ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारल्या आहेत. लायसन कायद्यानेच देशभर ग्राह्य असतं, म्हणून एमएच-३३चं गडचिरोलीचं किंवा एमएच-३४चं चंद्रपूरचं लायसन तेलंगणात आणि छत्तीसगडातही तितकंच चालतं. रस्त्यात अडवलं किंवा अपघात झाला, तर पोलीस ही नोंद पाहू शकतात, हे खरं. पण ती गाडी चालवायला पात्र असलेल्यांची यादी आहे, संशयितांची नाही. तुम्ही कुठे जाता-येता हे सांगणारं त्या कार्डात काहीही नसतं.

तरीही या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या गावांनी कित्येक वर्षं नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन बंदुकांच्या मध्ये काढली, तिथे कुठल्याही कागदावर नाव लिहून देताना माणूस दहादा विचार करणारच. त्यात गडचिरोली पोलिसांची 'पोलीस दादालोरा खिडकी' दुर्गम ठाण्यांमधून दाखले आणि योजनांचे अर्ज भरायला मदत करते. भामरागड, एटापल्लीकडच्या माणसाला ही मदत फार मोलाची आहे. पण ठाण्यात भरलेला कागद पोलिसांचाच असतो, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. ज्या खात्याचा अर्ज, कागद त्या खात्याकडे जातो, हे तिथेच समजावून सांगायला हवं.

माहिती द्यायची नाही म्हणून लायसनच न काढणं मात्र महागात पडतं. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये. त्याहून मोठा फटका अपघातानंतर बसतो. चालवणाऱ्याकडे लायसन नसलं, तरी न्यायालयं बहुतेक वेळा विमा कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला लावतात आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतात. एका मोटारसायकलपायी धानाचं शेत विकायची पाळी येऊ शकते.

आता त्या नंबराविषयी. "फॉर्ममध्ये नंबर कुणाचाही चालतो" हा समज आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान करतो. नूतनीकरण, दुसरी प्रत, पत्ताबदल, यातल्या प्रत्येक कामाचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर जातो. नंबर एजंटचा असेल, तर दर वेळी त्याच्याच दारात उभं राहायचं, तो मागेल ते द्यायचं. मुदत संपून एका वर्षाच्या आत नूतनीकरण केलं नाही, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. सिरोंचाचा माणूस त्या चाचणीसाठी गडचिरोलीला निघाला, तर एका बाजूचा प्रवासच सुमारे दोनशे किलोमीटर. रिचार्जअभावी सिम बंद पडलं आणि नवं घेतलं, तरी गत तीच. नवा नंबर सारथीत नोंदवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

"आठवी नापास, म्हणजे धंद्याची गाडी चालवता येणार नाही" हा समज एकेकाळी खरा होता. शिक्षणाची ती अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. ताडोबाच्या वेशीवरच्या गावांतून जिप्सी चालवू पाहणाऱ्या पोरांनी हे माहीत करून घ्यावं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येतं. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकला अर्थातच जड वाहनाचं लायसन लागतं.

नोंद सरकारदरबारी असण्याचा फायदा भामरागडला विचारा. पर्लकोटा नदीचा पूर तिथे नवा नाही. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरलं. अशा वेळी पेटीतले कागद भिजतात, वाहून जातात. सारथीत नोंद असेल तर दुसरी प्रत मिळते. ज्यांचं लायसन जुनं, हाताने लिहिलेल्या पुस्तिकेचं आहे आणि संगणकात चढलेलंच नाही, त्यांची खरी अडचण होते. ज्या कार्यालयाने ते दिलं, तिथे जाऊन ती जुनी नोंद आधी चढवून घ्यावी लागते. पावसाळ्याआधीच हे काम उरकलेलं बरं.

व्हॉट्सॲपवरचा लायसनचा फोटो चालत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन चालतं, कायद्याने ते मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे. पण एटापल्लीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरू नका. कार्ड खिशात ठेवा.

राहिला उलट बाजूचा गैरसमज, की सरकारला दिलेली माहिती सरकारपाशीच राहते. तशी ती राहिली नाही. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं, की वाहन आणि सारथीमधली माहिती ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना पुरवली आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. माहितीचा गैरवापर आणि लोकांचा खासगीपणा यावर बोट ठेवलं गेलं, तेव्हा २०२० मध्ये माहिती पुरवण्याचं ते धोरण मागे घेण्यात आलं. ज्याने दंडाच्या धाकाने आपला पत्ता लिहून दिला, त्याला न विचारता तो पत्ता विकणं चूकच होतं. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना ठेवलेल्या सवलती मोठ्या आहेत. हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायचा आहे. त्यासाठी लायसनवाचून राहण्याची गरज नाही.

आणि फॉर्म भरताना एवढं करा: नंबर तुमचाच सांगा, नसेल तर घरातल्या माणसाचा द्या, आणि ओटीपी त्याच फोनवर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सेंटरवाल्याला पैसे देऊ नका.